पहिला ओरखडा आपला

किल्ली

"टायर?"

"टायर धरलेत."

"समोरची काच?"

"तीही."

"छत? छताकडे कुणाचं लक्ष नसतं हो. पण एखादी फांदी खाली आलेली असली, की..."

"छत आहे. गाडीचं पोट आहे. किल्ली हरवली तर किल्ली आहे. डिझेलच्या गाडीत चुकून पेट्रोल भरलं तर तेसुद्धा आहे. आणि ते मी भरणार नाही."

काउंटरमागच्या मुलीने हसू दाबलं. छातीवरच्या पट्टीवर तिचं नाव होतं, ऑर्ला. मागे रांग होती. डोंगरमाथ्यावरच्या या लहानशा विमानतळावर दिवसाला मोजकीच विमानं उतरतात, आणि उतरली की सगळे एकदमच या काउंटरशी येतात.

भाड्याच्या गाडीला विमा असतोच. पण नुकसान झालं की पहिला घास गाडी नेणाऱ्याने गिळायचा. ठरलेल्या रकमेपर्यंतचं त्याच्या खिशातून, त्याच्या वरचं विमा कंपनी बघणार. त्या पहिल्या घासाला इथे सगळे एक्सेस म्हणतात. तो माफ व्हावा म्हणून काउंटरवर दिवसागणिक जादा पैसे मागतात, आणि प्रवासाने आंबलेली माणसं हो म्हणून मोकळी होतात. डिम्पना पार्करने त्या घासाचा विमा इंग्लंडातल्या लूटनच्या आपल्या स्वयंपाकघरात बसून, दुसऱ्याच कंपनीकडून, वेगळा उतरवला होता. इथल्या एका दिवसाच्या पैशात तिची सबंध खेप निघाली होती.

"तुमच्या त्या विम्याशी आमचा संबंध नाही हं," ऑर्ला म्हणाली. "ओरखडा आला तर आम्ही तुमच्याकडून घेणार. मग तुम्ही बसा त्यांच्या मागे लागत."

"लागेन की."

"आणि तोवर सगळी रक्कम आम्ही तुमच्या कार्डावर अडकवून ठेवणार."

"ठेवा."

"क्रेडिट कार्डच लागतं. आणि गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं. मिस्टरांच्या नावाचं असेल तर नाही चालायचं. रोज कुणीतरी बाई इथे येऊन अडकते बघा त्यावर."

डिम्पनाने पर्स उघडली आणि कार्ड काउंटरवर ठेवलं. सरकवलं नाही, ठेवलं. अक्षरं मुलीच्या बाजूने सुलटी.

नवरा, डेरेक, असताना तिच्याकडे कार्ड होतं. त्यावर नावही तिचंच होतं. तो गेल्यावर आठवड्याभरात दुकानात, दूध आणि पाव पट्ट्यावर पुढे सरकून गेलेले असताना, ते चालेनासं झालं. बँकेतल्या बाईने फोनवर गोड आवाजात सांगितलं, की ते कार्ड मिस्टर पार्करांच्या खात्यावरचं होतं, तुम्ही तिथे जादाच्या होतात. नवं मागितलं तर बँक म्हणाली, तुमचा उधारी फेडल्याचा काही इतिहास नाही. पगार तिने आयुष्यभर घरात आणला होता. इतिहास डेरेकचा झाला होता.

मग तिने तो घडवला. कार्ड मिळेपर्यंत खेटे घातले, मिळाल्यावर त्यावर दूध घेतलं, पाव घेतला आणि महिनाअखेरीला वेळच्या वेळी भरत गेली. मोठं काम असं त्या कार्डाला आजच मिळालं होतं.

यंत्राने जरा विचार केला. मग टिक्‌ आवाज आला.

"झालं," ऑर्ला म्हणाली, आणि तिला थोडं आश्चर्यही वाटलं असावं. "सहलीला आलात?"

"घरी."

काळा कोट बॅगेत होता.

काच

सुट्टीत माहेरी, मेयोला यायचं तेव्हा गाडी डेरेक चालवायचा. "तू वर्षभर चालवतेसच की. बस जरा निवांत." चांगल्या मनाने म्हणायचा. डाव्या सीटवरून तिने हा रस्ता इतक्यांदा पाहिला होता, की आज उजवीकडून पाहताना कुंपणं नवी वाटत होती.

वर्षभर ती चालवायची ती इस्पितळाची छोटी बस. डायलिसिसच्या पेशंटना घरून आणायचं, घरी सोडायचं. येताना ती माणसं सुजलेली असत, जाताना पिळून काढल्यासारखी. खड्डा लागला तर कुणी काही बोलत नसे, फक्त डोळे मिटत. म्हणून डिम्पना खड्डा लागू देत नसे. मिस्टर आयाझ नावाचे एक म्हातारे थर्मासचं झाकण उघडं ठेवून बसायचे. "इनकी गाडी में चाय नहीं गिरती," असं ते बाकीच्यांना आपल्या भाषेत सांगायचे. एकदा तिने त्याचा अर्थ विचारून घेतला आणि तो विसरली नाही.

हे सगळं कोलमनने कधी पाहिलं नव्हतं. कोलमन हेनेगन, तिचा भाऊ, ग्लेनकोराच्या घरी एकटा राहिलेला.

गाडी चालवायला तिला शिकवलं त्यानेच. बाप पोरीला व्हॅनला हात लावू द्यायचा नाही. तो जनावरांच्या बाजाराला गेला की कोलमन किल्ली घेऊन यायचा. शेतात चकरा मारून झाल्या की फाटक. दोन दगडी खांब, गाढवाच्या गाडीच्या मापाने बांधलेले, दरवर्षी चुना लावलेले. समोर अंगणापलीकडे गोठ्याचं लाल दार.

"लाल दार धर," तो सांगायचा. "गाडीचं नाक लाल दारावर ठेव आणि खांबांकडे बघूच नको. खांबाकडे बघितलंस की खांबच लागतो. ज्या दिवशी इथून न लावता आत आणशील, त्या दिवशी तू ड्रायव्हर."

त्या दिवसाआधीच ती इंग्लंडच्या बोटीत बसली.

ईस्टर झाल्यावर त्याचा फोन आला होता. "खांबांना चुना लावून ठेवलाय. डेरेक नाही तर काय झालं, आता तू चालवत ये. मी फाटकात उभा राहतो बघायला."

आणि काल सकाळी दुसरा फोन. चुलतभाऊ फिन्टनचा. कोलमन गोठ्यात बसल्या बसल्या गेला.

"मी येतो तुला न्यायला," फिन्टन म्हणाला. "मागे बस शांत."

"मी गाडी घेतेय."

"अगं, मयताच्या घरची बाई स्वतः गाडी चालवते का कुठे? शववाहिकेच्या मागची पहिली गाडी माझी. त्यात तू, मागे. ठरलंय सगळं."

"मला न विचारता ठरलं."

"डिम्पना, भाड्याच्या गाड्या म्हणजे नुसती लूट. चुना लावतील तुला."

"वेगळा विमा काढलाय मी."

"कुठून?"

"कॉम्प्युटरवरून."

"म्हणजे दोनदा चुना."

बाजू

अंगणात माणसं उभी होती. हातात चहाचे कप, बशीत सिगरेटची राख. कुत्रं भुंकलं नाही. फाटकात, कोलमनने जिथे उभं राहायचं ठरवलं होतं तिथे, फिन्टन उभा होता. त्याने पंजा वर केला.

"रस्त्यावरच राहू दे. मी घेतो आत."

"बाजूला हो, फिन्टन."

"फाटक अरुंद आहे गं."

"मी इथेच जन्मलेय. हो बाजूला."

तो झाला. अंगणातलं बोलणं थांबलं. लाल दार समोर होतं, नव्याने रंगवलेलं, पूर्वीपेक्षाही लाल. डिम्पनाने निळ्या गाडीचं नाक त्यावर ठेवलं. खांबांकडे पाहिलं नाही. दार धरलं, सोडलं नाही, आणि गाडी आत घेतली.

आवाज मोठा नव्हता. ताटलीवरून सुरी ओढावी तसा, फक्त लांबलचक. डावीकडून.

ती थांबली नाही. अर्ध्यात थांबून मागे घेणं म्हणजे तोच ओरखडा दोनदा. तिने गाडी पूर्ण आत आणली, दारापुढे उभी केली, किल्ली काढली आणि उतरली. अंगणातली सगळी माणसं आपापल्या कपात पाहत होती. कुणी काही पाहिलंच नव्हतं. इकडे माणुसकी अशी असते.

फिन्टनने मात्र पाहिलं होतं. "लागली," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

"पार मागपर्यंत. आता ते तुझ्याकडून..."

"पहिला ओरखडा माझाच असतो, फिन्टन. म्हणून तर त्याचा विमा काढलाय."

आणि मान ताठ ठेवून ती भावाकडे आत गेली.

छत

छताला काही झालं नाही.

हात

"वाईट वाटतं हो, तुम्हाला त्रास झाला."

"वाईट वाटतं, डिम्पना, तुला त्रास झाला."

"त्रास झाला तुम्हाला, वाईट वाटतं."

मयताच्या घरी इथे दुसरं काही बोलत नाहीत. हात हातात घ्यायचा, तेवढं म्हणायचं, पुढे सरकायचं. दुपारपासून माणसं येतच होती. तिचा उजवा हात आपोआप पुढे होत होता.

"ही कोण?"

"बहीण. लूटनची."

"आणि ती गाडी?"

"भाड्याची. निळी."

"निळी होती. आता अर्धी पांढरी."

"हळू बोल, मेल्या. सँडविच घे तोंडात."

"इंग्लंडात रस्ते रुंद असतात ना. तिथे काय, कुणीही चालवतं."

सगळं तिला ऐकू येत होतं. ती शवपेटीच्या डोक्याशी बसली होती. कोलमनला चांगला सूट घातला होता, केस विंचरले होते, बोटांत जपमाळ गुंफली होती. पण नखांच्या कडांतला चुना काही निघाला नव्हता. निघत नाहीच तो लवकर.

"लागली रे," ती हळूच म्हणाली. "नाक दारावरच होतं. शपथ. पण लागली."

माणसं चहाला पांगली तेव्हा फिन्टन येऊन शेजारच्या खुर्चीत बसला. बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला.

"तू लाल दार धरलंस?"

तिने चमकून पाहिलं. "तुला कसं माहीत?"

"मलाही त्यानेच शिकवलं." टोपी अजून एकदा फिरली. "दार हलवलंय त्याने, डिम्पना."

"काय?"

"मोठ्या वादळात गोठा पडला. परत बांधला, तेव्हा दार हातभर डावीकडे घेतलं. गाईंना वळायला बरं म्हणून. आम्हा सगळ्यांना माहीत आहे. आम्ही आता दाराच्या उजवीकडची भिंत धरतो."

"आणि मला कुणी सांगितलं नाही!"

"कुणाला सुचणार? तू कधी चालवत आलीच नाहीस."

तिने कोलमनकडे पाहिलं. "म्हणजे नाक बरोबर होतं."

"नाक अगदी बरोबर होतं. सुतासारखी आणलीस गाडी. दार चुकलं." त्याने शवपेटीकडे पाहिलं. "आणि याने स्वतः काय केलं, माहीत आहे? दार हलवलं आणि दोनदा त्याच खांबाला ठोकली. सवयीने. हिरवी व्हॅन होती तेव्हा. चुना खरवडून बघ, खाली हिरवा रंग निघेल. म्हणून तर एवढा जाड लावायचा."

डिम्पनाला हसू आलं. आधी नाकातून, मग सगळं. मयताच्या खोलीत, भावाच्या उशाशी. स्वयंपाकघरातून कुणीतरी डोकावलं आणि दार पुन्हा लोटून घेतलं.

मागचा आरसा

फाटकातून शववाहिका आत येत नाही. सकाळी कोलमनला खांद्यावरून रस्त्यापर्यंत नेलं. फादर निघाले. रस्त्याकडेला गाड्या ओळीने लागल्या. शववाहिकेच्या मागे फिन्टनने आपली गाडी पहाटेच आणून उभी केली होती.

डिम्पना काळ्या कोटात अंगणात आली. निळी गाडी तिने रात्रीच वळवून ठेवली होती, तोंड बाहेर. फिन्टन तिच्यापाशी येऊन उभा राहिला. तिला वाटलं, आता हा किल्लीसाठी हात पुढे करणार.

"माझी गाडी मागे घेतलीय," तो म्हणाला. "शववाहिकेच्या मागची जागा रिकामी आहे. तुझी येईपर्यंत कुणी शिरणार नाही तिथे. सांगितलंय मी सगळ्यांना."

मग तो फाटकाकडे न जाता उलट गोठ्याकडे गेला. नव्या लाल दाराच्या उजवीकडे, हातभर अंतरावर, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. गळ्याभोवती लाल मफलर होता, मेयोच्या संघाचा. तो त्याने नीट उलगडून छातीवर पसरला.

"फिन्टन," रस्त्यावरून कुणी हाक मारली, "भिंतीला काय चिकटलायस रे? सगळे निघाले."

"दार झालोय मी. गप्प राहा."

डिम्पनाने गाडी सुरू केली. मागच्या आरशात लाल ठिपका शोधला आणि मधोमध धरला. खांबांकडे पाहिलं नाही. डावा खांब सरकत मागे गेला, उजवा गेला, त्यांच्या आणि गाडीच्या मधून थंड हवा गेली. आरशातला लाल ठिपका लहान होत गेला आणि मग त्याने हात हलवला.

रस्त्यावरची माणसं यावेळी कपात पाहत नव्हती. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. ती कोलमनसाठी होती, की या गाडीसाठी, हे विचारायची वेळ नव्हती.

दफनभूमीपर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा. शववाहिका माणसाच्या चालीने चालली होती. समोरून येणाऱ्या गाड्या कडेला थांबत, इंजिनं बंद होत, आतली माणसं क्रूसाची खूण करत. डिम्पना दोन्ही हातांनी चाक धरून, खड्डा हळूच चाकांच्या मधून काढत, भावाच्या मागून पहिली जात होती. शेजारच्या रिकाम्या सीटवर कुणीतरी तिच्यासाठी झाकण नसलेला चहाचा कप ठेवून दिला होता. एक थेंब सांडला नाही.

पुन्हा बाजू

गाडी परत लावल्यावर तिने बॅग काढली. मग फेरी मारून डाव्या बाजूला आली आणि ओरखड्यावर तळवा ठेवला. पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत. चुना कोरडा होता, पिठासारखा हाताला आला.

ऑर्ला हातात टॅब घेऊन बाहेर आली. पुढून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. डावीकडे आल्यावर थांबली.

"अरे देवा."

"सबंध बाजू आहे," डिम्पना म्हणाली.

"म्हणजे आमचं घेतलं असतं तर..."

"तर आज काही भरावं लागलं नसतं. माहीत आहे. तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं होतं. कापा."

ऑर्लाने मान डोलावली. आत गेल्यावर तिने यंत्रात आकडे घातले आणि अशा वेळी गिऱ्हाइकाला जे म्हणायचं ते म्हणाली, पडद्यावरची नजर न काढता.

"वाईट वाटतं हो, तुम्हाला त्रास झाला."

डिम्पनाचा हात पुढे झाला. तिने केला नाही, दोन दिवसांच्या सवयीने आपणच झाला, काउंटरवरून, तळवा उघडा, पांढरा.

ऑर्ला त्या हाताकडे पाहत राहिली. मग कोटाकडे. परवा कोट लाल होता.

"कुठे लागली म्हणालात?"

"म्हटलं नाही अजून. ग्लेनकोराला. हेनेगनांच्या फाटकाला."

"कोलमनच्या?" ऑर्लाचा आवाज उतरला. "माझे बाबा कालच जाऊन आले तिकडे. म्हणाले, बहीण आली होती, स्वतः चालवत. शववाहिकेच्या मागे अशी चालवली म्हणे, की..." ती थांबली. "पण कार्डावर पार्कर आहे."

"ते नवऱ्याचं. मी हेनेगन."

मागे रांगेत कुणीतरी घसा खाकरला. ऑर्ला उठली, काउंटरचं फळकुट उचलून बाहेर आली आणि तिने तो हात आपल्या हातात घेतला.

"वाईट वाटतं, तुम्हाला त्रास झाला," ती पुन्हा म्हणाली. शब्द तेच होते.

मग डोळे टिपून कामाचं बोलली. "फोटो हवेत तुम्हाला. तुमच्या त्या विम्यासाठी. चुना पुसून काढू का? खालचं खरचटलेलं नीट दिसेल."

"पुसू नका. असाच काढा."

फोटो निघाले. पावती निघाली. कार्ड परत पर्समध्ये गेलं. विमानाकडे जाताना डिम्पनाने काचेतून एकदा मागे पाहिलं. रांगेतला पुढचा माणूस काउंटरवर वाकला होता, काहीतरी विचारत होता, बहुतेक टायरचं. ऑर्ला त्याला उत्तरं देत एकट्या डाव्या हाताने टाइप करत होती. उजवा हात तिने पुसला नव्हता. पांढरा, उताणा, तसाच बाजूला ठेवला होता.